मोटिवेशनल काही मागितलंस, त्याऐवजी हे दोन

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचला. प्रिलिमचा रिझल्ट लागल्यापासून अभ्यासाला बसवत नाहीये, ताई काहीतरी मोटिवेशनल सुचव म्हणालास. तसलं मी काही सुचवणार नाहीये. पण मध्यंतरी एक सिनेमा पाहिला आणि एक कादंबरी वाचली, दोन्ही अशाच सहज हाती लागलेल्या, फार काही अपेक्षा नव्हती, आणि दोन्हींनी इतकं धरून ठेवलं की कोणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि आत्ता त्या तुलाच सगळ्यात जास्त हव्यात असं मला मनापासून वाटतंय.

सिनेमा 'द डिसायपल'. नाव इंग्रजी पण सिनेमा मराठीच, 'कोर्ट' केला त्याच चैतन्य ताम्हाणेचा. 2020 ला व्हेनिसच्या फेस्टिवलमध्ये याला पटकथेचं बक्षीस मिळालं, 2021 ला नेटफ्लिक्सवर आला. शास्त्रीय संगीत, त्यात फेस्टिवलवाला सिनेमा, म्हणजे जड असणार असं वाटलं होतं, पण तसं अजिबात नाहीये, रागातलं काही कळत नसलं तरी अडत नाही.

शरद नेरूळकर नावाचा मुंबईतला मुलगा गुरुजींकडे गाणं शिकतोय. गुरुजींच्या गुरू माई. त्यांनी आपलं गाणं कधी रेकॉर्ड करू दिलं नाही, पण त्यांच्या बोलण्याच्या टेप शरदकडे आहेत आणि रात्री रिकाम्या रस्त्यावरून बाईक चालवताना तो हेडफोन लावून त्या ऐकत असतो. बाईक अगदी संथ चाललेली, मागे तानपुरा आणि माईंचा आवाज, साधना कशी करायची, काय काय सोडावं लागतं, असलं सगळं. तो आवाज सिनेदिग्दर्शिका सुमित्रा भावेंचा आहे. त्या 19 एप्रिल 2021 ला गेल्या आणि 30 तारखेला हा सिनेमा घरोघरी पोचला, हे आठवून मला तो आवाज ऐकताना फार भरून आलं.

तर हा शरद प्रामाणिक आहे, कष्टाळू आहे, गुरुजींच्या अंगाला तेल चोळण्यापासून सगळं करतो, रियाज चुकवत नाही, आणि तरीही ते गाणं त्याला येत नाही. म्हणजे येतं, पण जे यायला हवं ते येत नाही. हे त्यालाही कळतंय. सुरुवातीच्या मैफिलीत तो मागे तानपुऱ्याला बसलाय, तेव्हा फक्त त्याचा चेहरा बघ. समोर गुरुजी एखादी जागा घेतात आणि याच्या डोळ्यांत आनंद आणि धास्ती दोन्ही एकदम दिसतं. शरद झालेला आदित्य मोडक स्वतः गातो, आणि गुरुजी झालेले अरुण द्रविड तर मोगूबाई कुर्डीकर आणि किशोरी आमोणकर या मोठ्या गायिकांकडे शिकलेले, म्हणून ते सगळं इतकं खरं वाटतं. पुढे एका सीनमध्ये शरद रात्री यूट्यूबवर स्वतःच्या गाण्याखालच्या कॉमेंट वाचत बसतो. बाकी काही घडत नाही त्यात. मला तू आठवलास, टेलिग्रामच्या ग्रुपवर कटऑफच्या चर्चा वाचत जागणारा.

दिग्दर्शक शरदला शहाणपण शिकवत नाही, अजून मेहनत कर म्हणत नाही की सोडून दे म्हणत नाही, फक्त शेजारी बसल्यासारखा बघत राहतो. पुढचं सांगत नाही, बघ तूच.

कादंबरी 'रणांगण', विश्राम बेडेकरांची. नाव तू अभ्यासात पाठ केलं असशील, लेखक आणि कादंबरी जोड्या लावा छापाचं. ते विसर आणि वाच. 1939 ला आलेली, बेडेकरांची एकुलती एक कादंबरी, आणि छोटी इतकी की एका बैठकीत संपते. युरोपातून मुंबईकडे निघालेली बोट, महायुद्ध तोंडावर आलेलं. चक्रधर नावाचा मराठी तरुण, आधी प्रेमात पोळलेला, आता मला कशाचं काही वाटत नाही असं स्वतःला पटवून बसलेला. आणि हॅर्टा, हिटलरच्या जर्मनीतून बाहेर पडलेली ज्यू मुलगी. बोटीवर असे कितीतरी ज्यू आहेत, मुंबईत चक्रधर उतरणार आणि ते पुढे पूर्वेकडे जाणार. त्या काळात ज्यूंना व्हिसाशिवाय उतरता येईल असं शांघाय सोडून जगात जवळपास कुठलं ठिकाण उरलंच नव्हतं, हे माहीत असलं की बंदर जवळ येताना पानं उलटवत नाहीत.

मला आश्चर्य वाटलं ते भाषेचं. 1939 चं मराठी म्हणजे अलंकारिक असेल म्हणून मी तयारीत होते, तर वाक्यं छोटी, कोरडी, कॅमेरा फिरल्यासारखी. बेडेकर सिनेमावालेच ना, पुढे 1941 ला प्रभात फिल्म कंपनीचा 'शेजारी' हा सिनेमा त्यांनीच लिहिला. आणि चक्रधर कमी पडतो तेव्हा लेखक त्याला झाकतही नाही आणि झोडपतही नाही. शेवटी शेवटी पत्रं येतात, ती घाईत वाचू नकोस, हे मात्र माझं ऐक.

तू विचारशील, आधीच खचलोय त्यात हे कशाला? अरे, ते मोटिवेशनल व्हिडिओ सगळे पास झालेल्यांचे असतात, आणि तू आत्ता जिथे उभा आहेस तिथलं त्यांना काही सांगता येत नाही. या दोघांना येतं. मला तरी दोन्ही संपल्यावर जड वाटलं नाही, उलट कोणीतरी खरं बोललं म्हणून बरं वाटलं.

आधी सिनेमा बघ, एकटा, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून, आणि दीडच्या स्पीडने अजिबात नको. रिव्ह्यू वाचू नकोस. कादंबरी लायब्ररीत मिळेल, नाही मिळाली तर माझी कॉपी पाठवते, पत्ता टाक. आणि वाचून झाली की फोन कर, कारण मुंबईला चक्रधर उतरला त्याऐवजी त्याला दुसरं काही करता आलं असतं का यावर माझं अजून ठरत नाहीये, आणि तुझं काय म्हणणं आहे ते मला ऐकायचंय.

तुझी,
ताई