बांधावरच्या छत्र्यांचा काढा सोयाबीनवर मारू का?

इंदूरजवळच्या सांवेर आणि देपालपूरकडून या आठवड्यात जवळपास एकच प्रश्न आलाय, की साहेब, व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ फिरतोय, जंगली मशरूमच्या अर्काने बॅक्टेरिया अन् बुरशी मरते म्हणे, मग पाऊस पडला की बांधावर एवढ्या छत्र्या उगवतात त्या उकळून सोयाबीनवर फवारल्या तर चालेल का. एका भाऊंनी तर गाईला थनैला (कासेला सूज, कासदाह) झालाय, हाच काढा सडात सोडू का असंही विचारलंय.

तर व्हिडिओतली मूळ गोष्ट खोटी नाहीये, पण फवारू नका, आणि सडात तर अजिबातच नाही.

छत्री वाढते ती सडक्या लाकडावर, शेणावर, पाल्यावर, आणि त्याच खाण्यावर टपलेले बाकीचे जंतू तिथे ढीगभर असतात, त्यांना हुसकवायला ती स्वतःच औषध सोडते. युरोपात पाइनच्या गळलेल्या शंकूंवर एक बारकीशी छत्री येते, स्ट्रोबिलुरस टेनासेलस, तिच्यातून 1977 मध्ये जर्मनीत टिम आंके यांच्या टीमने स्ट्रोबिलुरिन वेगळं केलं. दुसऱ्या बुरशीच्या पेशीत एनर्जी बनायचं काम ते बंद पाडतं. पण नैसर्गिक स्ट्रोबिलुरिन उन्हात टिकतच नाही हो, केमिस्ट लोकांनी त्याचा रेणू बदलून टिकाऊ केला तेव्हा कुठे 1996 ला अझॉक्सिस्ट्रोबिन हे बुरशीनाशक बाजारात आलं. म्हणजे दुकानातून तुम्ही अझॉक्सिस्ट्रोबिन नाहीतर पायराक्लोस्ट्रोबिनची बाटली आणता ना, ती त्याच छत्रीच्या खानदानातली. मशरूमचा गुण तुम्ही कधीपासून फवारताय, फक्त मोजून-मापून.

आता व्हिडिओत जंतूंच्या प्लेटमध्ये जो स्वच्छ गोल दिसतो तो कसा येतो, तर मशरूम सुकवून पूड करतात, मिथेनॉल किंवा इथाइल अॅसिटेटमध्ये भिजवतात, गाळून ते सॉल्व्हंट उडवून टाकतात, खाली जो चिकट अर्क उरतो तो 6 मिलिमीटरच्या कागदी चकतीवर टाकून ती चकती जंतू पसरलेल्या प्लेटवर ठेवतात, दुसऱ्या दिवशी चकतीभोवती जंतू न वाढलेलं स्वच्छ कडं दिसतं, ते पट्टीने मोजायचं. त्यातही स्टॅफिलोकोकससारख्या ग्राम-पॉझिटिव्ह गटाच्या बॅक्टेरियावर बहुतेकदा रिझल्ट बरा येतो आणि ई. कोलायसारख्या ग्राम-निगेटिव्ह गटावर फिका, कारण ग्राम-निगेटिव्हला बाहेरून एक जादा पडदा असतो. पातेल्यात पाणी घालून उकळलं म्हणजे तोच अर्क झाला, असं नाही ना.

उलट विष मात्र जसंच्या तसं राहतं. काही विषारी छत्र्यांतलं अॅमाटॉक्सिन नावाचं विष उकळूनही जात नाही, आणि उलट्या-जुलाब सुरू व्हायला 6 ते 12 तास किंवा जास्तही लागतात, तोवर लिव्हरचं नुकसान सुरू झालेलं असतं. गवतात पांढरी, मोठी, छान दिसणारी एक छत्री येते जिचे खालचे पडदे पुढे हिरवट होतात, क्लोरोफायलम मॉलिब्डाइट्स, ती खाल्ली तर थोड्याच तासांत हाल. कोणी खाल्लीच असेल तर घरगुती उपाय करत बसू नका, उरलेली छत्री कागदात गुंडाळून थेट हॉस्पिटल गाठा.

गाईचं म्हणाल तर निर्जंतुक नसलेली कुठलीही वस्तू सडात सोडली की नवीन इन्फेक्शन आपणच आत ढकलतो. 1962 या जनावरांच्या हेल्पलाइन नंबरवर फोन लावा, डॉक्टर दूध तपासून औषध देतील. आणि हो, छत्रीतूनच आलेलं टियाम्युलिन हे अँटिबायोटिक पोल्ट्रीत वापरतात (1951 मध्ये सापडलेल्या प्ल्युरोम्युटिलिनपासून बनवलेलं), ते चालू असताना खाद्यात मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन (कॉक्सी रोगासाठी खाद्यात घालतात ती औषधं) असेल तर कोंबड्या लुळ्या पडून मरतात, तेव्हा पोल्ट्रीवाल्यांनी खाद्याच्या गोणीवरचं लेबल एकदा वाचाच.

राहिलं सोयाबीन. शेंगेवर करपा किंवा पानांवर रायझोक्टोनिया बुरशी असेल तर स्ट्रोबिलुरिन चालतं, पण तेच ते परत परत मारू नका, बुरशीच्या प्रोटीनमध्ये एकच जागा बदलली की औषध फेल, म्हणून टेबुकोनाझोलसारख्या वेगळ्या गटाशी आलटून पालटून, डोस लेबलवरचाच. पिवळा मोझॅक असेल तर तो व्हायरस, पांढऱ्या माशीने आणलेला, त्यावर बुरशीनाशक मारणं म्हणजे पैसे पाण्यात, ती रोपं उपटा आणि माशी आवरा. जिवाणूचे फोड असतील तरी स्ट्रोबिलुरिनचा उपयोग नाही. म्हणून फोटो पाठवताना पानाच्या दोन्ही बाजूंचा पाठवत जा, नुसतं "साहेब पिवळं पडलंय, काय मारू" लिहिलं तर मी काय सांगणार.