कॉर्स स्टेशन (सतत चालू असणारे उपग्रह-संदर्भ केंद्र) बेंचमार्क (मोजणीसाठी आधार धरायचा ज्ञात बिंदू) म्हणून धरता येते का?

आडव्या स्थानासाठी, म्हणजे अक्षांश-रेखांशासाठी, हो. समुद्रसपाटीपासूनच्या उंचीसाठी थेट नाही, त्यामुळे जवळचा दगडी बेंचमार्क शोधण्याचे तुमचे कष्ट पूर्ण वाचत नाहीत. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स स्टेशनवरचा अँटेना चोवीस तास उपग्रहांचे संदेश नोंदवतो आणि त्याचे निर्देशांक आधीच काटेकोर काढलेले असतात. मात्र ते अँटेनाच्या तळाच्या संदर्भबिंदूचे असतात, खालच्या जमिनीचे नव्हे. रायनेक्स फाइल (स्टेशनच्या उपग्रह-नोंदींची फाइल) घेऊन स्वतः गणित करताना अँटेनाचा प्रकार चुकीचा निवडला, तर उंचीत काही सेंटिमीटरची चूक शिरते आणि ती सहसा लक्षातही येत नाही. खरी अडचण पुढेच आहे. जीपीएस उंची मोजतो ती समुद्रसपाटीपासून नव्हे, तर लंबगोलापासून, म्हणजे पृथ्वीच्या गणिती आकारापासून, त्यामुळे मुंबईच्या किनाऱ्यावर रोव्हर (हातात फिरवायचा जीपीएस रिसीव्हर) उणे साठ मीटरच्या आसपासचा आकडा दाखवतो! कालवा, गटार, रस्ता यांच्या उतारासाठी लेव्हलिंगचा बेंचमार्क गाठाच. नाहीतर जिऑइड मॉडेल (लंबगोल आणि समुद्रसपाटी यांतला फरक देणारे) वापरा आणि दोन-तीन ज्ञात उंचीच्या बिंदूंवर ते तपासून घ्या. निर्देशांकांसोबत आयटीआरएफची (निर्देशांकांच्या जागतिक संदर्भचौकटीची) आवृत्ती आणि तारीखही लिहून ठेवा, कारण भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे ५ सेंटिमीटर ईशान्येकडे सरकतो. ‘एव्हरेस्ट’ नावाच्या जुन्या लंबगोलावरच्या नकाशांशी हे आकडे रूपांतर केल्याशिवाय जुळणार नाहीत. आणि रोव्हरवर ‘फिक्स्ड’ (पक्के, अचूक स्थान) दिसल्याशिवाय बिंदू नोंदवू नका, ‘फ्लोट’वर (अजून पक्के न झालेले स्थान) तर नाहीच.