लहान मुलांना जुलाब कोणत्या जीवाणूंमुळे होतात? प्रत्येक वेळी अँटिबायोटिक द्यावे का?

मुख्यतः शिगेला, विष सोडणारे ई. कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर आणि साल्मोनेला, साथीत कॉलराही. पण अँटिबायोटिक प्रत्येक वेळी नको. आफ्रिका आणि दक्षिण आशियातल्या सात ठिकाणी झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘जेम्स’ (GEMS) या मुलांच्या जुलाबांवरील अभ्यासात पाच वर्षांखालील मुलांच्या मध्यम ते तीव्र जुलाबांमागे शिगेला आणि ई. कोलाय ठळकपणे आढळले. शिगेला आतड्याच्या अस्तरात घुसतो, म्हणून शौचातून रक्त-आव पडते, ताप येतो. अशा वेळी डॉक्टर अँटिबायोटिक देतात. ई. कोलायच्या विषाने मात्र पाण्यासारखे जुलाब होतात, तिथे ओआरएस आणि झिंकच महत्त्वाचे. एक लक्षात घ्या: तान्ह्या बाळांत रोटाव्हायरसही फार आढळतो, आणि विषाणूवर अँटिबायोटिक चालतच नाही. बाळ मलूल झाले, डोळे खोल गेले किंवा लघवी कमी झाली, तर थांबू नका, लगेच दवाखाना गाठा.