रिमोट टीममध्ये माहिती शेअर केल्याने कामात खरंच फरक पडतो का?
हो, खूप पडतो. सगळ्यात मोठा फरक म्हणजे टीममध्ये कोणाला काय येतं हे माहीत असणं, डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने १९८५ मध्ये ह्यालाच ट्रान्झॅक्टिव्ह मेमरी म्हटलं. ऑफिसात हे चहाला गेल्यावर आपोआप कळतं, रिमोटमध्ये नाही, मग एकजण दिवसभर एकाच एररवर अडकून बसतो आणि उत्तर माहीत असलेली व्यक्ती त्याच टीममध्ये असते पण ह्याला पत्ताच नसतो. म्हणून शंका पर्सनल चॅटवर नको, सगळ्यांना दिसेल अशा ग्रुपवर विचारा, आणि सीनियर लोकांनी प्लीज "एवढं पण माहीत नाही का" म्हणू नये, माणूस परत विचारतच नाही. उत्तर मिळालं की लगेच कॉमन डॉक्युमेंटमध्ये टाका. गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीचं हँडबुक बघा, तिथे सगळेच रिमोट, म्हणून कामाच्या पद्धती लिहून ठेवल्यात, बाहेरच्यांनाही फुकट वाचता येतात.