रेव्हिटमध्ये वीटकाम आणि दोन्ही बाजूंचा गिलावा एकाच भिंतीत थर म्हणून दाखवावा, की प्रत्येकाची वेगळी भिंत काढावी?

आपण विचारले आहे की, रेव्हिट या इमारतीचे त्रिमितीय मॉडेल बनवण्याच्या सॉफ्टवेअरमध्ये नऊ इंची भिंत, बाहेरचा गिलावा आणि आतला गिलावा हे एकाच वॉल टाइपमध्ये थर म्हणून द्यावेत, की तीन स्वतंत्र भिंती एकमेकींना चिकटवून काढाव्यात. माझे स्पष्ट मत असे की, जो थर भिंतीच्या पूर्ण लांबीला आणि उंचीला सोबत करतो तो त्याच भिंतीत असावा, आणि जो मध्येच सुरू होतो किंवा मध्येच संपतो तो वेगळा काढावा. गिलावा पहिल्या प्रकारात येतो, तर न्हाणीघरातील टाइल्सचा डेडो (भिंतीच्या खालच्या भागावरचा टाइल्सचा पट्टा) दुसऱ्या प्रकारात.

थर देताना सर्वांत जास्त लक्ष 'कोअर बाउंडरी'कडे, म्हणजे भिंतीच्या गाभ्याच्या सीमेकडे, द्यावे. 'एडिट टाइप'मधून 'स्ट्रक्चर' उघडल्यावर दिसणाऱ्या दोन कोअर बाउंडरींच्या मध्ये केवळ २३० मिमीचे वीटकाम ठेवावे, बाहेरचा २० मिमीचा गिलावा वरच्या बाउंडरीच्या वर आणि आतला १२ मिमीचा खालच्या बाउंडरीच्या खाली. आता भिंतीची एकूण जाडी २६२ मिमी झाली. 'लोकेशन लाइन' (भिंत काढताना जी रेषा आधार धरली जाते ती) मुळात 'वॉल सेंटरलाइन' असते, म्हणजे रेषा बाहेरच्या पृष्ठभागापासून १३१ मिमीवर येते. पण विटेचा मध्य २० अधिक ११५, म्हणजे १३५ मिमीवर असतो. ग्रिडवर (आखणीच्या रेषांवर) काढलेल्या भिंतीचे वीटकाम अशा प्रकारे ४ मिमीने सरकते, आणि २३० मिमीच्या कॉलमशी त्याची कड कधीच जुळत नाही. म्हणून भिंत काढण्याआधीच लोकेशन लाइन 'कोअर सेंटरलाइन' किंवा 'कोअर फेस' करून घ्यावी. कोअर सेंटरलाइन ठेवल्यास आणखी एक सोय होते : भिंतीची आतली-बाहेरची बाजू चुकून उलटी आली, तर ती फिरवल्यावर गिलावे जागा बदलतात, वीटकाम मात्र जागेवरच राहते.

ही ४ मिमीची गोष्ट क्षुल्लक नाही, कारण आपल्याकडची बहुतेक बांधकामे आरसीसी चौकटीची असतात. विटेची आणि कॉलमची कड एका रेषेत असेल, तर 'जॉइन जॉमेट्री' (दोन घटक जोडण्याची आज्ञा) केल्यावर कॉलम फक्त वीटकामाला छेदतो आणि गिलाव्याचा थर कॉलमवरून अखंड जातो, जसा तो साइटवर जातो. तुळईचेही तसेच, कोणी कोणाला कापावे हे उलटे झाले असल्यास 'स्विच जॉइन ऑर्डर' वापरावे. कॉलम ३०० मिमीचा असून खोलीत डोकावत असेल, तर मात्र तेथील गिलावा कापला जातो आणि कॉलमभोवतीचा गिलावा वेगळा काढावाच लागतो.

थरांचे 'फंक्शन' हे केवळ नाव नसून जोडाचा नियम आहे. 'स्ट्रक्चर'चा क्रमांक १ असतो आणि 'फिनिश'चे ४ व ५. कमी क्रमांकाचा थर जास्त क्रमांकाच्या थराला भेदून पुढे जातो. त्यामुळे साडेचार इंची आडभिंत नऊ इंची भिंतीला मिळते, तेव्हा तिची वीट गिलावा ओलांडून विटेला जाऊन भिडते आणि गिलावा कोपऱ्यात वळतो. गिलाव्यालाही 'स्ट्रक्चर' दिले, तर हा टी-जोड बिघडतो. जलरोधक पडद्यासाठी 'मेंब्रेन' आहे. त्याची जाडी शून्यच राहते. आर्किकॅड हे अशाच कामाचे दुसरे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो की, तेथे हा अग्रक्रम थराला नव्हे तर बिल्डिंग मटेरियलला दिलेला असतो.

डेडोबाबत विचार करू. समजा, सहा मीटर लांब भिंतीच्या एका बाजूला दोन मीटर न्हाणीघर आणि उरलेली शयनगृह आहे. टाइलचा थर टाइपमध्येच घातला, तर केवळ टाइलसाठी अखंड भिंतीचे तुकडे करावे लागतात. त्याऐवजी टाइल आणि तिच्यामागचा मसाला यांची २१०० मिमी उंचीची पातळ भिंत काढून ती मुख्य भिंतीशी 'जॉइन' करावी. तसे केल्याने मुख्य भिंतीतील दारा-खिडक्यांची भगदाडे तिच्यातूनही आरपार जातात. पातळ भिंतीचे 'रूम बाउंडिंग' (भिंत खोलीची सीमा धरण्याचा पर्याय) चालू ठेवायचे की नाही, हे क्षेत्रफळ कशासाठी मोजत आहात त्यावर ठरवावे.

शेवटी मोजमापाविषयी. 'मटेरियल टेकऑफ'मधून (मॉडेलमधील साहित्याच्या मोजमापाच्या तक्त्यातून) गिलाव्याचे क्षेत्रफळ थेट मिळते, आणि थर एकाच भिंतीत ठेवण्याचा खरा लाभ हाच आहे. परंतु त्या आकड्यात प्रत्येक भगदाड दोन्ही बाजूंनी वजा झालेले असते. आयएस १२०० या बांधकाम मोजमापाच्या भारतीय मानकाच्या भाग १२ नुसार ०.५ चौरस मीटरपर्यंतच्या भगदाडाची वजावट करत नाहीत, ०.५ ते ३ चौरस मीटरपर्यंत, दोन्ही बाजूंना एकसारखा गिलावा असल्यास, एकाच बाजूची वजावट करतात आणि कडांचा गिलावा वेगळा धरत नाहीत. ३ चौरस मीटरच्या पुढे दोन्ही बाजू वजा करून कडा मिळवतात. त्यामुळे कंत्राटदाराचे बिल तपासताना टेकऑफचा आकडा जसाच्या तसा लावू नये. दारा-खिडक्यांचे वेगळे शेड्यूल काढून त्यावरून ही दुरुस्ती करावी आणि मगच दोन्ही आकडे शेजारी ठेवावेत.