1837 च्या आधीचे इंग्लंडमधील खेड्यातले पूर्वज कसे शोधावेत?

आपल्या पत्नीचे पूर्वज सॉमरसेटमधील एका खेड्यातले होते आणि जुलै 1837 मध्ये सरकारी जन्म-मृत्यू नोंदणी सुरू होण्याआधीचा त्यांचा माग लागत नाही, असे आपण लिहिले आहे. चर्चच्या नोंदवह्या 1538 पासून ठेवल्या जात होत्या, हे आपल्याला ठाऊक असणारच. परंतु गरीब माणसाला केवळ त्या वह्यांत शोधणे चूक आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

माझे सासर डॉर्सेटमधले. माझ्या चुलत सासऱ्यांनी इंटरनेटवरील कुणाच्या तरी वंशावळीवरून, आमच्याच आडनावाचा एक सधन शेतकरी घराण्याचा मूळ पुरुष म्हणून ठरवून टाकला होता. 1798 च्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत मात्र एकट्या आईचे नाव होते आणि पुढे ‘बेस बॉर्न’, म्हणजे अनौरस, एवढेच दोन शब्द. पाद्र्याची चूक असेल, असे ते म्हणाले. मी काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, दफ्तरखान्यात त्या पॅरिशच्या (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाच्या) पेटीतले, म्हणजे गावकारभाराचे जुने, कागद मागवले, तेव्हा घड्यांवर शाई उडालेला, दोन मॅजिस्ट्रेटांच्या सह्यांचा हुकूम हाती आला: या अविवाहित गरोदर स्त्रीला तिच्या मूळ पॅरिशमध्ये पोचवावे. अनौरस मूल जिथे जन्मेल तिथला वस्तीचा हक्क, म्हणजे गरिबीत त्या गावाकडून मदत मिळण्याचा हक्क, त्याला मिळे आणि त्याला पोसण्याचा भार तिथल्या करदात्यांवर पडे, म्हणून गाव अशा बाईला बाळंतपणाआधीच बाहेर काढी. 1795 च्या कायद्याने इतर गरिबांना, ते गावाच्या मदतीवर येईपर्यंत, हलवण्यास मनाई केली. अविवाहित गरोदर स्त्रीला मात्र ते संरक्षण दिले नाही. तिला काढणाऱ्या गावच्या ओव्हरसियरच्या, म्हणजे गरिबांच्या मदतीचा कारभार पाहणाऱ्याच्या, हिशेबात गाडीभाडेही मांडलेले आहे.

असल्या गोष्टी वंशावळीत घालायच्या नसतात, असे चुलत सासऱ्यांनी मला सुनावले. मला ते तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही. घरातले सगळे आज जे आडनाव लावतात ते तिचे आहे. मग उसना मूळ पुरुष हवाच कशाला?

पित्याचे नाव सापडायचेच तर ते बहुधा त्याच पेटीतील, मुलाच्या खर्चाची हमी देणाऱ्या कागदात सापडते. अर्थात प्रत्येक पॅरिशचे कागद टिकलेले नाहीत. तिथे बिशपकडे पाठवलेल्या नोंदींच्या प्रती पाहाव्यात. सुरुवात 1851 च्या जनगणनेपासून करा, कारण तीत जन्माचे पॅरिश दिलेले असते. आयती वंशावळ मात्र मूळ नोंद डोळ्यांनी पाहिल्याशिवाय स्वीकारू नका, मग ती घरातल्या कितीही वडीलधाऱ्या माणसाने दिलेली असो.