झाडांना दुखतं का? चमकणाऱ्या पानाच्या व्हिडिओबद्दल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा, की भाच्याने मोबाईलवर एक व्हिडिओ दाखवला, अळी पान कुरतडतेय आणि त्या जागेवरून हिरवा उजेड अख्ख्या रोपभर पळत जातोय, खाली लिहिलंय "झाडांनाही मज्जासंस्था असते", आणि तेव्हापासून घरात रोज जेवताना वाद, की मग मेथी निवडणं आणि कोंबडी कापणं यात फरक काय राहिला. जाता जाता आईच्या तुळशीचंही विचारलंय, त्यावर शेवटी येतो.

मी शास्त्रज्ञ वगैरे नाही हां. बॉटनीत एमएस्सी केली आणि आठ वर्षं टिश्यू कल्चरच्या लॅबमध्ये केळीची रोपं बाटल्यांत वाढवण्यात गेली, पण हा विषय माझा आवडता आहे आणि गेली काही वर्षं जे येईल ते वाचतोय, म्हणून जरा लांब लिहितो.

व्हिडिओ खरा आहे. एआयचा नाही. मासात्सुगु तोयोता नावाचे जपानी शास्त्रज्ञ अमेरिकेत विस्कॉन्सिनला सायमन गिलरॉय यांच्या लॅबमध्ये होते तेव्हा हे काम सुरू झालं आणि २०१८ मध्ये 'सायन्स' या संशोधन नियतकालिकात छापून आलं. रोप आहे अरॅबिडॉप्सिस, मोहरीच्या कुळातलं वीतभर तण, पण लॅबवाल्यांचा लाडका, कारण वनस्पतींपैकी पहिला पूर्ण जिनोम, म्हणजे सगळ्या जीन्सचा मजकूर, वाचला गेला तो याचाच, २००० साली. आता मुख्य गोष्ट, जी व्हिडिओखाली कुणी लिहीत नाही. तो उजेड झाडाचा नाहीये. ते आपण बसवलेलं इंडिकेटर आहे. समुद्रातल्या जेलीफिशचं चमकणारं प्रोटीन घेऊन त्याला कॅल्शियम पकडणारा तुकडा जोडला की असं प्रोटीन तयार होतं जे कॅल्शियम वाढलं की चमकतं. मेंदूवाल्यांचं हे रोजचं हत्यार, उंदराच्या मेंदूतली कुठली पेशी कधी पेटते ते बघायला ते हेच वापरतात. तोयोतांनी त्याचं जीन असलेली रोपं वापरली, पान कापलं, मायक्रोस्कोपखाली ठेवलं, आणि कापल्या जागेपासून कॅल्शियमची लाट शिरांमधून निघून मिनिट-दोन मिनिटांत लांबच्या पानापर्यंत पोचलेली दिसली. मेंदूचं हत्यार झाडावर चालवलं म्हटल्यावर चित्र मेंदूसारखंच दिसणार की हो, त्यात नवल काय.

पण नवल आहे, ते पुढे. त्यांनी कापलेल्या जागी ग्लुटामेटचा थेंब टाकला तर तशीच लाट निघाली. ग्लुटामेट म्हणजे तेच जे चायनीजच्या गाडीवर अजिनोमोटो म्हणून पडतं, आणि तेच आपल्या मेंदूत एका पेशीचा निरोप दुसरीला द्यायचं सगळ्यात मोठं काम करतं. मेंदूत ते पकडायला जे रिसेप्टर असतात त्यांची भावंडं झाडातही आहेत हे १९९८ पासून माहिती आहे, अरॅबिडॉप्सिसमध्ये अशी २० जीन्स आहेत. त्यातली दोन बंद असलेली रोपं घेतली तर लाट बाकीच्या पानांपर्यंत जातच नाही. स्वित्झर्लंडमध्ये लोझानला एडवर्ड फार्मर यांच्या गटाने २०१३ मध्ये पानांना इलेक्ट्रोड लावून याच घरातल्या जीन्सबद्दल जवळपास हेच सांगितलेलं, फक्त तेव्हा ग्राफ होता, व्हिडिओ नव्हता, म्हणून व्हॉट्सअॅपवर फिरला नाही.

इथे भाचा म्हणेल, बघा, ग्लुटामेट तेच, रिसेप्टर तसेच, म्हणजे दुखणं पण तेच. नाही. हिंदीवाला म्हणतो "मुझे अच्छी शिक्षा मिली", त्याला उत्तम शिक्षण मिळालेलं असतं, आणि आपल्याला वाटतं बिचाऱ्याला कोर्टाने आत टाकलं. शब्द तोच, लिपी तीच, अक्षर न् अक्षर तेच. ग्लुटामेट हा असा शब्द आहे. झाडं आणि प्राणी यांचा पूर्वज एकच, दीडेक अब्ज वर्षांपूर्वीचा एकपेशी जीव, त्याच्याकडून दोघांना काही जुनी भांडी वारशात मिळाली, एकाने त्यात मेंदू शिजवला, दुसऱ्याने भलतंच काहीतरी.

आणि ती लाटसुद्धा जशी वाटली तशी नाहीये बहुतेक. २०२२ मध्ये इंग्लंडात नॉरिचच्या जॉन इन्स सेंटरच्या लोकांनी दाखवलं की पेशी एकमेकींना निरोप देत देत लाट पुढे नेतात असं मानायची गरजच नाही, जखम झाली की फुटलेल्या पेशींमधलं ग्लुटामेट आणि तत्सम अमिनो आम्लं बाहेर सांडतात आणि पाण्याच्या नळ्यांमधून वाहत जातात, जिथे पोचतात तिथलं कॅल्शियम वाढतं. म्हणजे तारायंत्र नव्हे, वर कुणीतरी नदीत रंग ओतला आणि खालच्या गावाला कळलं, असं. वेगही बघा, सेकंदाला साधारण एक मिलिमीटर. आपल्या वेगवान नसांमध्ये सेकंदाला शंभर मीटरच्या आसपास. मला विचाराल तर हे २०१८ पेक्षा भारी काम आहे, पण यात चकचकीत काही नाही त्यामुळे फॉरवर्ड होत नाही.

आता दुखण्याचं. तुमचं कधी ऑपरेशन झालंय का? माझं अपेंडिक्सचं झालंय. भूल दिलेली असताना डॉक्टर चिरतात तेव्हा कापल्याचे सिग्नल कातडीतून निघतात, मणक्यापर्यंत जातातही, पण दुखत नाही, कारण ते 'दुखलं' असं वाटून घेणारा जो वर बसलेला असतो तो झोपलेला असतो. म्हणजे आपल्यातसुद्धा सिग्नल आणि वेदना या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. झाडात सिग्नल आहे हे पक्कं, वाटून घेणारं काही आहे याचा पुरावा शून्य. "प्लांट न्यूरोबायोलॉजी", म्हणजे झाडांचं मज्जासंस्थाशास्त्र, हे नाव २००५ च्या सुमारास काही लोकांनी रूढ करायला घेतलं तेव्हा २००७ मध्ये ३६ वनस्पतीशास्त्रज्ञांनी मिळून पत्र लिहिलं होतं की बाबांनो, हा शब्द नको. माझं मत त्या ३६ जणांच्या बाजूने. कोणी तुम्हाला सांगेल की लाजाळूला ईथर हुंगवलं तर तीही मिटायची थांबते, मग तिला शुद्ध असणारच. हे खरंय की थांबते, क्लॉद बर्नार यांनी एकोणिसाव्या शतकातच करून ठेवलंय, पण भूल देणारी रसायनं पेशींच्या पडद्यावर आणि त्यातल्या दारांवर काम करतात आणि ते सगळ्याच पेशींना असतात. ईथरने लाजाळू थांबली म्हणजे दारं अडली, एवढंच.

लाजाळूवरून आठवलं. कोकणात ही अंगणात तण म्हणून उपटतात पण मूळची दक्षिण आणि मध्य अमेरिकेची. तोयोता आता जपानात सायतामा विद्यापीठात आहेत, त्यांनी आणि सहकाऱ्यांनी २०२२ मध्ये क्रिस्परने, म्हणजे जीनमध्ये नेमका बदल करायच्या तंत्राने, अशी लाजाळू बनवली जिच्या देठाशी ती फुगीर गाठ, म्हणजे बिजागरीच, नाही. ती मिटूच शकत नाही. मग नाकतोडे सोडले. न मिटणारी रोपं नाकतोड्यांनी साध्या लाजाळूपेक्षा जास्त खाल्ली. मिटण्याचा उपयोग काय याची नुसती चर्चा वर्षानुवर्षं चालली होती, बिजागरी काढून दाखवली आणि विषय संपवला, असला प्रयोग वाचला की आपण लॅब उगाच सोडली असं वाटतं.

झाडं किंचाळतात ही बातमीही तुम्ही वाचली असेलच. ते तेल अवीवचं काम, २०२३ मध्ये 'सेल' या संशोधन नियतकालिकात आलेलं. टोमॅटो आणि तंबाखूच्या रोपांजवळ दहा सेंटीमीटरवर अल्ट्रासाउंड पकडणारे माईक ठेवले, पाणी तोडलेलं रोप तासाला तीस-पन्नास वेळा टक टक करतं, नीट पाणी असलेलं तासाला सरासरी एकदासुद्धा नाही. आपल्या कानाच्या वरचा आवाज आहे म्हणून ऐकू येत नाही. कारण काय तर बहुधा नळीतल्या ताणलेल्या पाण्यात हवेचा बुडबुडा फुटतो. आपण बोटं मोडतो तेव्हा कट्ट होतं ना, जवळपास तसंच. बोटं मोडली म्हणून बोट किंचाळलं असं कोणी म्हणत नाही. कांदा चिरतानाही तेच, पेशी फुटतात, वेगळे ठेवलेले पदार्थ एकत्र येतात, झोंबणारा वायू बनतो, आणि रडतो ते आपण.

आणि हो, "झाडांना जीव असतो हे जगदीशचंद्र बोसांनी सिद्ध केलं" हे वाक्य शाळेत आपण सगळ्यांनी घोकलंय, पण झाडं जिवंत असतात याबद्दल त्यांच्या आधी कुणाला शंका होती हो? बोसांचं खरं मोठेपण यात की त्यांनी लाजाळूसारख्या झाडांतले विजेचे बदल आणि केसभर हालचाली मोजायला स्वतः यंत्रं बनवली, कलकत्त्यात बसून. माशी पकडणाऱ्या व्हीनस फ्लायट्रॅपमधली वीज बर्डन-सँडरसन यांनी १८७३ मध्येच मोजलेली होती. आजचे लोक बोसांचं नाव घेतात ते योग्यच, पण जे त्यांनी केलं त्यासाठी घ्या.

मग हा सिग्नल कशासाठी? तर खालच्या पानाला अळी लागली की वरच्या पानांत जास्मोनिक आम्ल वाढतं, जाईच्या वासातल्या एका घटकाचं हे भावंड, आणि त्या पानांत असली प्रोटीनं बनायला लागतात जी अळीच्या पोटातलं पचनच बिघडवतात. पुण्याच्या एनसीएलमध्ये, म्हणजे राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, मिरचीतल्या अशा प्रोटीनांवर आणि हरभऱ्यावरच्या घाटेअळीवर वर्षानुवर्षं काम झालंय, पण अळीही पक्की, एक एन्झाइम अडवलं की ती दुसरं काढते. सोसायटीचं लॉन कापल्यावर जो हिरवा वास येतो ना, तोही याच भानगडीतला. २०२३ मध्ये सायतामाच्याच गटाने दाखवलं की दुसऱ्या रोपावर तो वास सोडला तर कापलं नसतानाही त्याच्या पानात कॅल्शियम चमकतं. आपल्याला छान वाटणारा वास शेजारच्या रोपाला धोक्याची खबर आहे. पण ती ओरडून दिलेली नाही, सांडलेली आहे.

जेवणाच्या वादात भाच्याला एवढंच सांगा की मेथीच्या जुडीला वाटून घेणारं कुणी नाही आणि कोंबडीला आहे, शिवाय ती कोंबडी मोठी होईपर्यंत किती मका खाते तेही त्याने मोजावं. जैन लोक वनस्पतीला एकेंद्रिय म्हणतात, स्पर्शापुरतं इंद्रिय, ते फार जुनं आणि विचारपूर्वक आहे पण तो श्रद्धेचा भाग, त्याला या व्हिडिओचा टेकू लावायची गरज नाही आणि व्हिडिओला त्याचा.

आता तुळस. आई म्हणतात तिन्हीसांजेनंतर तोडू नको, झाड झोपतं. झोप म्हणजे आपली झोप नव्हे, पण झाडाला घड्याळ असतं हे पक्कं. १७२९ मध्ये फ्रान्सच्या द मेरां यांनी लाजाळूसारखं एक झाड अंधारात ठेवलं तरी ते सकाळ झाली की पानं उघडायचं. २०१२ मध्ये अमेरिकेत याहून मजेशीर केलं, अरॅबिडॉप्सिसची रोपं एका वेळेला सरावलेली आणि अळ्या उलट्या वेळेला, म्हणजे रोपाची रात्र ती अळीचा दिवस, तर त्या अळ्यांनी रोपं फस्त केली, आणि दोघांची घड्याळं जुळलेली असली तर रोप बरंच वाचायचं, कारण अळी खायला येते त्या वेळेआधीच ते वर सांगितलेलं जास्मोनिक आम्ल वाढवून तयार असतं. तेव्हा आईंशी वाद घालू नका. तुळस पानं मिटत नाही त्यामुळे बघण्यासारखं काही नाही, भाच्याला दाखवायचं असेल तर रात्री नऊनंतर टॉर्च घेऊन चिंचेखाली न्या, नाहीतर रस्त्याकडेच्या रेन ट्रीखाली, जोडीजोडीने मिटलेली पानं दिसतील. पावसाळ्यात चिंचेखाली जरा पाय जपून.